जे-१ ट्रेनिंग व्हिसा (इंटर्न / ट्रेनी): पात्रता, डीएस-७००२, इंटरव्ह्यू आणि पोचल्यानंतरचं

मुक्काम_पोस्ट
हॉटेल मॅनेजमेंट करून वर्षभराच्या ट्रेनिंगला अमेरिकेत जायचं ठरवणाऱ्यांचे प्रश्न इथे सात-आठ धाग्यांत विखुरले आहेत, आणि निम्म्या उत्तरांत इंटर्न आणि ट्रेनी यांची सरमिसळ झाली आहे. म्हणून हा धागा. आर्किटेक्ट, इंजिनिअर, शेती शिकलेले, सगळ्यांना मूळ नियम तेच आहेत. फरक असेल तिथे तसं सांगतो.

आधी कोण काय करतं ते. होस्ट म्हणजे जिथे तुम्ही शिकणार ते हॉटेल किंवा कंपनी. स्पॉन्सर म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा कागद फक्त स्पॉन्सरच देऊ शकतो. होस्टचं ऑफर लेटर कितीही चांगलं असलं तरी त्यावर व्हिसा मिळत नाही. आपल्याकडचा एजंट हा या दोघांच्या आणि तुमच्या मधला माणूस. त्याचा स्पॉन्सरशी लेखी करार असावा लागतो. स्पॉन्सरांची यादी खात्याच्या जे१व्हिसा डॉट स्टेट डॉट गव्ह या साइटवर आहे. एजंटला पहिला प्रश्न "स्पॉन्सर कोण?" हा विचारा, आणि त्या स्पॉन्सरला स्वतः ईमेल करून एजंटचं नाव पडताळा. "ते नंतर कळेल" असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नका.

पात्रता. इंटर्न म्हणजे अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात सध्या शिकत असलेला, किंवा पास होऊन १२ महिने न उलटलेला. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. ट्रेनी म्हणजे पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र, आणि त्याच क्षेत्रातला किमान १ वर्षाचा अमेरिकेबाहेरचा अनुभव. पदवी नसेल तर ५ वर्षांचा अनुभव. ट्रेनीची मुदत १८ महिन्यांपर्यंत, पण हॉस्पिटॅलिटी आणि टुरिझमला १२ महिनेच, आणि शेतीलाही सहसा १२. "अठरा महिन्यांचं हॉटेल ट्रेनिंग" अशी जाहिरात दिसली तर ती नियमात बसत नाही.

कढीलिंब
बीएचएमसीटीमध्ये (हॉटेल मॅनेजमेंटची पदवी) जी इंडस्ट्रियल ट्रेनिंग (आयटी) होते, साधारण पाच महिन्यांची, ती ट्रेनीच्या एक वर्षात धरतात का? आणि पास झाल्याची तारीख म्हणजे निकालाची की पदवीदान समारंभाची?

मुक्काम_पोस्ट
@कढीलिंब ताई, आयटी अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्यामुळे स्पॉन्सर ती सहसा धरत नाहीत. पदवीनंतरचा पूर्ण वेळचा अनुभव दाखवा. नुसतं एक्सपीरियन्स लेटर देऊ नका. त्यासोबत नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा किंवा पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट हवं. पत्रात हुद्दा, विभाग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि पूर्ण वेळ की अर्धवेळ हे चारही असू द्या. आपल्याकडची बरीच पत्रं "यांचा स्वभाव मनमिळाऊ आहे" इथेच संपतात आणि विभागाचा उल्लेखच नसतो.

तारखेचं: स्पॉन्सर कोणती तारीख धरतो ते सुरुवातीलाच लेखी विचारून घ्या, कारण १२ महिने मोजतात ते प्रोग्राम सुरू होण्याच्या दिवसापर्यंत. अर्ज केल्याच्या दिवसाशी त्याचा संबंध नाही. जूनमध्ये पास झालात, एप्रिलमध्ये सगळी कागदपत्रं तयार झाली, पण व्हिसा इंटरव्ह्यूचा स्लॉट न मिळाल्याने सुरुवात जुलैवर गेली, तर इंटर्नची पात्रताच संपते. मग ट्रेनीसाठी वर्षाचा अनुभव गोळा करण्यावाचून मार्ग राहत नाही. इंटर्न म्हणून जायचं असेल तर शेवटच्या वर्षाला असतानाच प्रक्रिया सुरू करा. शिकत असतानाही पात्र असताच.

पेस्ट्री_सेक्शन
डीएस-७००२ बद्दल सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद तो आहे आणि मुलं नेमका तोच न वाचता सही करतात.

डीएस-७००२ म्हणजे ट्रेनिंगचा आराखडा. त्यावर तुमची, होस्टच्या सुपरवायझरची आणि स्पॉन्सरची अशा तिघांच्या सह्या होतात. पहिल्या भागात तुमची माहिती. दुसऱ्यात होस्टची: पत्ता, कर्मचारी किती, वार्षिक उलाढाल, कामगार विमा आहे का, आठवड्याचे तास आणि स्टायपेंड. तास किमान ३२ असावे लागतात. स्टायपेंडच्या रकान्यात तासाचा की महिन्याचा हे बघा. राहणं-जेवण देणार असतील तर त्याची किंमतही तिथेच लिहिलेली असते.

खरा गाभा म्हणजे टप्पे. प्रत्येक टप्प्याचं वेगळं पान. त्यात टप्प्याचं नाव, तारखा, सुपरवायझर कोण आणि त्याची शिकवण्याची पात्रता काय, तुमची भूमिका, उद्दिष्टं, कोणती कौशल्यं शिकवणार, ती कशी आणि कोणत्या क्रमाने शिकवणार, शिकलात की नाही हे कसं मोजणार, आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी काय करणार, असं सगळं येतं. हॉस्पिटॅलिटीचा प्रोग्राम ६ महिने किंवा त्याहून मोठा असेल तर किमान तीन विभागांत किंवा तीन वेगवेगळ्या कामांत रोटेशन असलंच पाहिजे. किचनवाल्यांना तीन वेगळे विभाग लागतातच असं नाही, एकाच किचनमधले वेगळे सेक्शन चालतात. उदाहरणार्थ पहिले चार महिने गार्ड मांजे (थंड पदार्थ), पुढचे चार हॉट लाइन (गरम पदार्थ), शेवटचे चार बँक्वे (मेजवान्या) आणि पेस्ट्री.

आता वाईट आणि चांगल्या आराखड्यातला फरक. गार्ड मांजेच्या पानावर "सॅलड आणि थंड पदार्थ तयार करणे, स्वच्छता राखणे, पाहुण्यांना उत्तम सेवा देणे" एवढंच असेल तर ती नोकरीची जाहिरात झाली. त्याच पानावर असं हवं: पहिले तीन आठवडे स्टेशनची मांडणी आणि कटिंगचं प्रमाण, मग ड्रेसिंग आणि इमल्शन, मग क्युअरिंग आणि टेरीन, मग कव्हरच्या (जेवणाऱ्यांच्या संख्येच्या) अंदाजावरून रोजचा पार स्टॉक (हाताशी ठेवायचा साठा) काढणं, शेवटी सुपरवायझरसोबत फूड कॉस्ट शीट भरणं. मोजमापात महिन्याची प्रात्यक्षिक चाचणी आणि लेखी शेरा. हे वाचून कोणालाही कळेल की मुलगा काहीतरी शिकायला चालला आहे.

तिन्ही टप्प्यांची पानं शेजारी ठेवून वाचा. शब्द न शब्द तोच आणि फक्त विभागाचं नाव बदललेलं असेल तर ते परत पाठवा. स्पॉन्सरने आराखडा डोळ्यांखालून घातला असला तरी इंटरव्ह्यूला ऑफिसर हाच कागद हातात घेतो.

अटकेपार
+१. यात एक भर. कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे, आणि अकुशल कामांची यादीच नियमांच्या परिशिष्टात दिली आहे. बारटेंडर, कॅशियर, हॉटेल क्लीनर, किचन वर्कर, हाउसकीपर ही सगळी त्यात आहेत. म्हणून टप्प्याचं शीर्षक "हाउसकीपर" असेल तर अर्ज अडकतो. "रूम्स डिव्हिजन: हाउसकीपिंग सुपरव्हिजन" असेल आणि आत खरोखर इन्स्पेक्शन, लिननचा हिशेब, रूम स्टेटस, ड्यूटी रोस्टर शिकवणार असतील तर तो मान्य होतो. नुसतं शीर्षक बदलून भागत नाही, खाली मजकूरही तसाच लागतो. लहान मुलं सांभाळणं, वृद्धांची देखभाल आणि रुग्णांशी थेट संबंध येणारं काम या व्हिसावर चालतच नाही. स्टाफिंग एजन्सीमार्फत तुम्हाला तिसऱ्याच जागी पाठवणंही बंद आहे.

होस्ट लहान असेल, म्हणजे २५ पेक्षा कमी कर्मचारी किंवा ३० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल, आणि त्या स्पॉन्सरकडे पूर्वी कोणी तिथे गेलेलं नसेल, तर स्पॉन्सरला आधी जागा प्रत्यक्ष बघावी लागते. त्यात वेळ जातो. छोट्या रेस्टॉरंटची ऑफर असेल तर तो वेळ हिशेबात धरा.

बोरिवली_स्लो
खर्चाचा अंदाज कोणी देईल का? आणि कशानंतर काय करायचं?

अटकेपार
@बोरिवली_स्लो, क्रम असा. होस्ट ठरतो, स्पॉन्सर तुमची मुलाखत घेतो (व्हिडिओवरही चालते) आणि इंग्रजी तपासतो, डीएस-७००२ वर सह्या होतात, मग डीएस-२०१९ मिळतो. हल्ली तो बहुतेकदा पीडीएफने येतो. प्रिंट काढून खाली स्वतःची सही करायची. त्यावर एन अक्षराने सुरू होणारा सेव्हिस (परदेशी विद्यार्थी आणि एक्सचेंज व्हिजिटरची अमेरिकी नोंदप्रणाली) नंबर आणि पी ने सुरू होणारा प्रोग्राम नंबर असतो, दोन्ही पुढे लागतात.

मग एफएमजेफी डॉट कॉमवर सेव्हिस फी, आय-९०१ म्हणतात ती, २२० डॉलर. पावती छापून ठेवा आणि इंटरव्ह्यूच्या किमान तीन कामाचे दिवस आधी भरा, म्हणजे ती नोंद दिसते. मग डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. मग जे व्हिसाची फी १८५ डॉलर आणि अपॉइंटमेंट. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्यात २५० डॉलरची व्हिसा इंटेग्रिटी फी मंजूर झाली आहे, म्हणून भरायच्या दिवशी रक्कम अधिकृत साइटवर बघूनच भरा. स्पॉन्सरची फी, एजंटची फी आणि तिकीट याखेरीज. स्पॉन्सरच्या फीमध्ये विमा धरला आहे की वेगळा, हे विचारायला विसरू नका.

विमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,०००, मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्यासाठी २५,०००, आणि डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. आपल्याकडची साधी प्रवास पॉलिसी घेणार असाल तर हे चारही आकडे पॉलिसीत शोधा. एखादा हमखास कमी निघतो.

कढीलिंब
डीएस-१६० मध्ये नावाची अडचण येते ना? मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नावही शेवटी. पासपोर्टवर वेगळंच.

मुक्काम_पोस्ट
बरोबर, महाराष्ट्र बोर्ड आणि विद्यापीठांच्या कागदांवर तोच क्रम असतो आणि परदेशी स्पॉन्सर पहिला शब्द म्हणजे नाव असं धरून चालतात. उपाय एकच: सगळीकडे पासपोर्टप्रमाणे. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यातली पहिली प्रमाण माना. गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव असेल तर डीएस-२०१९ वरही ते गिव्हन नेममध्येच हवं. डीएस-२०१९ ची पीडीएफ आल्याबरोबर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि जन्मगाव तपासा. चूक असेल तर सेव्हिस फी भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या. मार्कशीटच्या वेगळ्या क्रमाने व्हिसा अडत नाही. लग्नानंतर किंवा गॅझेटमधून नाव बदललं असेल तर मात्र गॅझेटची प्रत जवळ ठेवा.

डीएस-१६० मधल्या आणखी अडखळण्याच्या जागा. मध्येच थांबलात तर २० मिनिटांत साइट बाहेर काढते, म्हणून अॅप्लिकेशन आयडी लगेच लिहून घ्या आणि दर पानाला सेव्ह करा. फोटो ५१ मिमी चौरस, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला, चष्मा नाही. विद्यार्थी आणि एक्सचेंज व्हिजिटरना भारतातल्या दोन ओळखीच्या माणसांची नावं-पत्ते द्यावे लागतात, ते जवळचे नातेवाईक नकोत. कॉलेजमधले सर आणि जुन्या हॉटेलचे शेफ ही चांगली जोडी. त्यांना आधी विचारून ठेवा. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती सगळी लिहायची, वापरात नसलेलीसुद्धा. जून २०२५ पासून एफ, एम (विद्यार्थी) आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना खाती पब्लिक ठेवायला सांगितलं आहे. रिझ्युमेत, लिंक्डइनवर आणि डीएस-१६० मध्ये नोकरीच्या तारखा एकसारख्या हव्यात.

अपॉइंटमेंट ज्या डीएस-१६० नंबरवर घेतली, तोच फॉर्म इंटरव्ह्यूला लागतो. नवा फॉर्म भरलात तर प्रोफाइलमध्ये नंबर बदला. नाहीतर बायोमेट्रिकच्या (बोटांचे ठसे घेतात त्या) खिडकीवरूनच परत यावं लागतं.

फेरीबोट_रायबंदर
मुंबईला स्लॉट मिळत नसेल तर दुबई किंवा बँकॉकहून करता येईल का? गोव्यातले बरेच जण तसं करायचे.

अटकेपार
@फेरीबोट, आता तो मार्ग धरू नका. सप्टेंबर २०२५ पासून नॉन-इमिग्रंट व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा कायदेशीर वास्तव्याच्या देशातच करावा अशी सूचना आहे. दुबईत नोकरी असेल आणि तिथली रेसिडेन्सी असेल तर तिथून करा. नाहीतर भारतातल्याच पाचही ठिकाणांचे स्लॉट बघा: मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता.

पेस्ट्री_सेक्शन
इंटरव्ह्यूबद्दल. ऑफिसरपुढे तुम्ही दोन-तीन मिनिटंच असता. अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी) प्रमाणे, परत येणार आहात हे पटवून देण्याची जबाबदारी तुमची. प्रश्न साधे असतात. काय शिकणार? हेच हॉटेल का? आत्ता काय करता? परत येऊन काय करणार?

"काय शिकणार"चं उत्तर पाठ केलेलं नको, डीएस-७००२ मधून आलेलं हवं. "आय वॉन्ट इंटरनॅशनल एक्स्पोजर" हे वाक्य तिथे सगळेच म्हणतात. त्याऐवजी असं सांगा: पहिल्या टप्प्यात गार्ड मांजे, मग हॉट लाइन, इथे मी कमी थ्री (शेफच्या हुद्द्यांतली खालची पायरी) म्हणून इंडियन सेक्शनला आहे, बँक्वेचं प्रॉडक्शन प्लॅनिंग माझ्या हाताखालून गेलेलं नाही, ते तिथे शेवटच्या चार महिन्यांत आहे, परत आल्यावर त्याच अनुभवावर डेमी शेफसाठी अर्ज करेन. यात तारखा, विभाग आणि पुढची पायरी सगळं आलं. स्टायपेंड किती, असं विचारलं तर डीएस-७००२ वरचा आकडाच सांगा, ओव्हरटाइम आणि टिप्स मिळवून वाढवलेला नको.

इंग्रजीतच बोला. पुरेसं इंग्रजी येणं ही या प्रोग्रामची अटच आहे.

नकार मिळाला तर अपील नसतं. नव्याने अर्ज आणि नवी व्हिसा फी. सेव्हिस फी मात्र १२ महिन्यांच्या आत त्याच कॅटेगरीत अर्ज केला तर पुन्हा भरावी लागत नाही, ही गोष्ट एजंट सांगत नाहीत. २२१(जी) ची चिठ्ठी दिली तर प्रकरण अपुऱ्या कागदांसाठी किंवा पुढच्या तपासणीसाठी थांबलं आहे, असा अर्थ. मागितलेला कागद चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच द्या आणि स्पॉन्सरला त्याच दिवशी कळवा. सुरुवातीची तारीख पुढे ढकलणं त्यांच्याच हातात आहे.

ड्रॉइंगबोर्ड
आर्किटेक्चरसाठी विचारतोय. १८ महिने मिळतात, पण दोन वर्षांची मायदेशी राहण्याची अट आहे म्हणे. आणि एच-३ काय प्रकार आहे? पुण्यातल्या काही कंपन्या त्यावर पाठवतात.

अटकेपार
@ड्रॉइंगबोर्ड, दोन वर्षांच्या दोन वेगळ्या अटी आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली त्याच इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ई) ची. ती लागू झाली तर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच किंवा एल व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. ती सरकारी पैशामुळे लागते, किंवा स्किल्स लिस्टमुळे (कोणत्या देशाला कोणती कौशल्यं हवीत त्याची अमेरिकी यादी), किंवा डॉक्टरांच्या वैद्यकीय प्रशिक्षणामुळे. ९ डिसेंबर २०२४ पासूनच्या नव्या स्किल्स लिस्टमध्ये भारत नाही, त्यामुळे खासगी स्टायपेंडवर जाणाऱ्या ट्रेनीला ती सहसा लागत नाही. भारत सरकार किंवा अमेरिकी सरकारचा निधी असेल तर आजही लागते.

दुसरी ट्रेनी कॅटेगरीची. एक ट्रेनिंग पूर्ण केलं की पुन्हा ट्रेनी म्हणून जाण्याआधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर राहावं लागतं. स्किल्स लिस्टशी तिचा संबंध नाही. इंटर्नशिप करून इंटर्नची पात्रता संपलेल्यालाही ट्रेनी होण्याआधी हीच दोन वर्षं लागतात. मात्र शिकत असेपर्यंत किंवा पास झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत पुन्हा इंटर्न होता येतं.

एच-३ मध्ये स्पॉन्सर संस्था नसते. अमेरिकी कंपनी स्वतः यूएससीआयएसकडे (अमेरिकी इमिग्रेशन खातं) आय-१२९ हा अर्ज भरते. मुदत २ वर्षांपर्यंत. असं प्रशिक्षण भारतात मिळत नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि उत्पादक काम प्रशिक्षणाला आवश्यक तेवढंच, ओघाने आलेलं चालतं. वर्गात शिकवण्याचा भाग मोठा असेल तर एच-३ योग्य. हाताने काम करत शिकायचं असेल तर जे-१. बी-१ वर मीटिंगला जाता येतं, साइटवर कामाला लागता येत नाही.

मुक्काम_पोस्ट
पोचल्यानंतरचं थोडक्यात. डीएस-२०१९ वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर प्रवेश मिळत नाही. डीएस-२०१९ आणि डीएस-७००२ हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. उतरल्यावर आय-९४ (प्रवेशाची नोंद) ऑनलाइन काढा, त्यावर जे-१ आणि डी/एस (ठरावीक तारीख नाही, प्रोग्राम चालेल तोवर) लिहिलेलं बघा. मग लगेच स्पॉन्सरकडे नोंद. प्रोग्राम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत स्पॉन्सरने सेव्हिसमध्ये तुम्ही पोचल्याचं नोंदवलं नाही तर प्रोग्रामच बाद होऊ शकतो. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी या नोंदीनंतरच जा. आधी गेलात तर तिथल्या संगणकात तुमचं स्टेटस दिसत नाही आणि अर्ज आठवडेच्या आठवडे अडकतो. घर बदललं तर १० दिवसांत स्पॉन्सरला पत्ता. संपल्यावर ३० दिवस राहता येतं, काम करता येत नाही.

सहा महिन्यांपेक्षा मोठ्या प्रोग्रामला मध्यावर आणि शेवटी मूल्यमापन होतं. मध्याचं गांभीर्याने घ्या. रोटेशन झालंच नसेल, पाच महिने एकाच स्टेशनवर डिशवॉशिंग चाललं असेल, तर ते तिथे लेखी नोंदवण्याची जागा आहे. त्याआधी स्पॉन्सरला ईमेल करा, डीएस-७००२ मधला टप्पा आणि तारीख दाखवून. होस्ट बदलायचा तर तोही स्पॉन्सरच्या परवानगीनेच. न सांगता काम सोडलं तर स्टेटस जातं. पासपोर्ट काढून घेणं, धमकी, पगार अडवणं असं काही असेल तर परराष्ट्र खात्याची जे-१ हेल्पलाइन १-८६६-२८३-९०९०. व्हिसाच्या वेळी हक्कांचं एक पत्रक मिळतं, ते टाकून देऊ नका.

बोरिवली_स्लो
पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापतात का?

ड्रॉइंगबोर्ड
आणि १८ महिन्यांवाल्यांना वेगळं काही?

पेस्ट्री_सेक्शन
करासाठी नॉन-रेसिडेंट असेपर्यंत जे-१ ला ते दोन्ही लागू नाहीत. ६.२ आणि १.४५, मिळून ७.६५ टक्के. पण बऱ्याच हॉटेलांच्या पेरोलमध्ये सगळ्यांना सरसकट लावलेलं असतं, म्हणून पहिलीच पे-स्टब नीट वाचा. "फिका" (या दोन्हींचं एकत्र नाव), "एसएस", "मेड" यापैकी काही दिसलं तर एचआरला ईमेल करून थांबवायला आणि परत द्यायला सांगा. त्यांनी नाही दिलं तर फॉर्म ८४३ आणि सोबत ८३१६ भरून आयआरएसकडून (अमेरिकी आयकर खातं) मागता येतं. फेडरल इन्कम टॅक्स मात्र कापला जातो, राज्याचा राज्यागणिक. पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर (नॉन-रेसिडेंटचं कर विवरणपत्र) आणि ८८४३ हे फॉर्म भरायचे. साधा १०४० नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच आधी उघडतो.

@ड्रॉइंगबोर्ड, ट्रेनीला नॉन-रेसिडेंट म्हणून (अमेरिकेत राहिलेले दिवस न मोजण्याची) जी सूट आहे ती सहसा दोन कॅलेंडर वर्षांची, आणि वर्षातला एक दिवस राहिलात तरी ते अख्खं वर्ष धरतात. नोव्हेंबरमध्ये जाऊन १८ महिने राहिलात तर तीन कॅलेंडर वर्षं होतात, आणि तिसऱ्या वर्षातले दिवस मोजले जातात. त्या वर्षी १८३ दिवसांचा हिशेब जमला की तुम्ही करासाठी रेसिडेंट, मग फिका कापणं बरोबर ठरतं. जानेवारीत सुरुवात केली तर १८ महिने दोनच वर्षांत बसतात. सुरुवातीची तारीख ठरवणं तुमच्या हातात असेल तर होस्टशी बोलताना हे लक्षात घ्या.